आईला घेऊन रोमला जातोय : मनात काय धरून जावं?

बार्शीकर

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन रोमला जातोय. सहा दिवस, फक्त रोम. व्हिसा झाला, विमानाची तिकिटं झाली, राहायची जागा ठरली. प्रश्न वेगळाच आहे.

आई ७१ वर्षांची. बार्शीच्या शाळेत तिने ३१ वर्षं इतिहास शिकवला. युरोपचा नकाशा फळ्यावर नुसत्या हाताने काढायची, इटलीचा बूट तर डोळे मिटूनही काढेल. महाराष्ट्राबाहेर ती फारशी कधी गेलेली नाही. तिने वहीच्या एका पानावर यादी केली आहे : कलोसियम, सीझरला जाळलं ती जागा, पँथिऑन, सिस्टीन चॅपेल, आणि शेवटी 'टायबर नदी (नुसती बघायची)'.

ऑफिसातला एक जण मागच्या वर्षी जाऊन आला. म्हणाला, "नुसते दगड आहेत रे, दोन तासांत कंटाळा येतो." तेव्हापासून मला धाकधूक आहे. तीस वर्षं जे डोक्यात जपलं, ते समोर आल्यावर "हेच का ते?" असं तिला वाटलं तर? तुम्ही गेलात तेव्हा मनात काय होतं आणि तिथे काय मिळालं, ते खरंखरं सांगा. जाता जाता : तिचा डावा गुडघा दुखतो, आणि ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही.

उंबरठा

तुमच्या ऑफिसातल्या मित्राशी मी सहमत आहे, स्पष्टच सांगते. आम्ही एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो. नऊ दिवसांत पाच देश, त्यात रोमला दीड दिवस. कलोसियम बाहेरून दाखवलं, फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, बसच्या काचेतून. ट्रेव्ही कारंज्याजवळ इतकी गर्दी होती की पाण्याचा आवाज ऐकू आला, पाणी दिसलं नाही. एवढे पैसे घालून गेलो आणि घरी येऊन फोटो बघताना कुठला खांब कुठला, हेही सांगता येईना. मला फार वाईट वाटलं होतं, अजून वाटतं.

मिलानवासी

उंबरठाताई, तुमचा दोष नाही. दीड दिवसात रोम होत नाही. मी नऊ वर्षं इटलीत आहे, रोमला दहा-बारा वेळा गेलोय, आणि दर वेळी पाहुण्यांना हेच सांगतो की दिवसाला एक मोठी गोष्ट आणि एक छोटी, बस.

बार्शीकर, कामाचं आधी सांगतो. कलोसियमचं तिकीट अधिकृत संकेतस्थळावरच काढा. साधारण ३० दिवस आधी खुलं होतं आणि बघता बघता संपतं. साधं तिकीट १८ युरोचं, त्यातच फोरम आणि पॅलाटाइन टेकडी येते. तिकिटावर नाव असतं, ते पासपोर्टशी जुळायला हवं, तेव्हा आईचं नाव पासपोर्टवर आहे तस्संच भरा. आत लिफ्ट आहे, गुडघ्याचं सांगा, संकोच करू नका.

टर्मिनी स्टेशनहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस पाकीटमारांसाठी कुप्रसिद्ध आहे. पर्स पोटाशी धरायची. विमानतळावरून जुन्या तटबंदीच्या आतल्या भागात यायला टॅक्सीचा दर ठरलेला असतो. तो गाडीच्या दारावर लिहिलेला असतो, बसण्याआधी वाचा.

पाण्याची बाटली विकत घेऊ नका. रस्तोरस्ती बिडाचे नळ आहेत, अडीच हजारांच्या आसपास. लोक त्यांना 'नासोने' म्हणतात, म्हणजे मोठं नाक. तोटी खरंच नाकासारखी वाकलेली असते आणि पाणी अखंड वाहत असतं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक भोकातून पाण्याची कमान उडते, तिला तोंड लावून प्यायचं. गारेगार पाणी.

आणि बूट! रस्ते काळ्या बसाल्टच्या चौकोनी दगडांचे, वरून गुळगुळीत, मध्ये फटी. पातळ तळव्याच्या चपला घालून पहिल्याच दिवशी पाय भरून येतात. आईला आत्ताच जाड तळव्याचे बूट घेऊन द्या आणि महिनाभर तेच घालून चालायला लावा.

सुगरण_नाशिक

खाण्याचं मी सांगते, कारण मी सासूबाईंना घेऊन गेले होते. उपाशी अजिबात राहणार नाहीत. पिझ्झाचे चौकोनी तुकडे वजनावर विकणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत. बोटाने दाखवायचं, एवढा काप म्हणायचं, ते कात्रीने कापून देतात. बटाटा आणि रोजमेरी घातलेला पिझ्झा सासूबाईंना इतका आवडला की चार दिवस तोच. आर्टिचोक नावाची एक भाजी असते, कमळाच्या मोठ्या कळीसारखी. जुन्या ज्यू वस्तीत ती अख्खी तळून देतात, पाकळ्या कुरडईसारख्या कुरकुरीत होतात. मात्र तिचा खरा हंगाम हिवाळा-वसंतातला, ऑक्टोबरात चौकशी करून घ्या.

सावध राहायचं ते इथे : टोमॅटो सॉसमध्ये मांस असू शकतं, हिरव्या कोशिंबिरीत बारीक मासळी असू शकते, ताज्या पास्त्यात अंडं असतं. पेकोरिनो चीजमध्ये कोकराच्या पोटातलं विरजण वापरतात, आईंना चालतं का ते आधी विचारा. माझ्या सासूबाईंना चाललं नाही, म्हणून आम्ही चीज न घालता मागत होतो आणि कोणीही तोंड वाकडं केलं नाही.

टर्मिनीजवळ पियाझ्झा व्हिट्टोरिओच्या आसपास बांगलादेशी आणि भारतीय किराणा दुकानं आहेत. तूरडाळ, कोथिंबीर, हिरवी मिरची सगळं मिळतं. स्वयंपाकघर असलेली जागा घेतली असेल तर रात्री वरण-भात.

जुनेपाने

मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी आहे. धागा वाचून राहवलं नाही. 'नुसते दगड' हे फोरमबद्दल सगळे म्हणतात, आणि तिथे थेट खाली उतरलं तर तसंच वाटतं. म्हणून माझी विनंती आहे, पहिल्या दिवशी फोरममध्ये जाऊच नका. कॅपिटोलिन टेकडीवर जा. तिथल्या नगरपालिकेच्या वाड्याच्या मागे, दोन्ही बाजूंना कठडे आहेत. तिथून अख्खा फोरम एखाद्या नकाशासारखा खाली पसरलेला दिसतो, तिकीट लागत नाही. नकाशा फळ्यावर काढणाऱ्या शिक्षिकेला आधी हेच दाखवा. कुठे काय ते त्यांना वरून एकदा लागू दे, मग दुसऱ्या दिवशी खाली.

खाली गेल्यावर एक गोष्ट नक्की शोधा. अँटोनायनस आणि फाउस्टिनाचं मंदिर. इ. स. १४१ मध्ये सम्राट अँटोनायनसची राणी फाउस्टिना वारल्यावर बांधायला घेतलेलं, पुढे त्याच्या पोटात चर्च केलं. समोर उभं राहिलं की खांबांच्या मागे चर्चचा हिरवा दरवाजा दिसतो, पण तो माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर, हवेत लटकलेला. पायऱ्या तिथपर्यंत पोचतच नाहीत. कारण तो दरवाजा बसवला तेव्हा जमीनच तेवढी वर होती! मधल्या हजार वर्षांत पुराचा गाळ, पडझडीचा राडारोडा साचत गेला, फोरम गाडला गेला आणि वर गुरं चरायला लागली. त्या जागेचं नावच पडलं 'काम्पो व्हाचीनो'. आपण ज्याला गायरान म्हणतो, तेच. नंतर खणून माती काढली, दरवाजा तिथेच राहिला. रोम समजून घ्यायला मला त्या एका दरवाजाइतकी मदत कुठल्याच पुस्तकाने केली नाही.

दुसरी जागा सान क्लेमेन्ते, कलोसियमपासून पायी दहा मिनिटं. वर १२व्या शतकातलं चर्च. जिना उतरलं की चौथ्या शतकातलं चर्च. आणखी उतरलं की रोमन काळातल्या इमारती, त्यांच्यात मिथ्र देवाचं छोटं देऊळ, दोन्ही बाजूंना दगडी बाक आणि मध्ये बैल मारणाऱ्या देवाचं शिल्प. ऋग्वेदातल्या 'मित्र'शी या नावाचं नातं आहे, ते इराणमार्गे इतक्या लांब गेलं. तळाशी भिंतीमागे वाहत्या पाण्याचा आवाज येतो. एका आयरिश धर्मगुरूने १८५७ मध्ये हे खणायला सुरुवात केली, तोवर खाली काय आहे हे कोणाला माहीत नव्हतं. जिने आहेत, गुडघ्याचा विचार करून ठरवा.

बार्शीकर

जुनेपाने, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. दरवाजाचं ऐकून तिने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "म्हणजे मी मुलांना 'रोम पडलं' असं सांगितलं, ते पडलं नाही, बुजलं." मग यादीत लिहिलं : दरवाजा.

तिचा एक प्रश्न आहे. सीझरला जाळलं ती जागा खरंच दाखवतात का?

जुनेपाने

हो, आहे. पण आईंना आधीच सांगा की ती फार लहान आहे. सीझरचा खून फोरममध्ये झाला नाही. इ. स. पू. ४४च्या १५ मार्चला सिनेट पाँपे या सेनापतीच्या नाट्यगृहाला जोडलेल्या सभागृहात भरली होती, खून तिथे झाला. ती जागा आता लार्गो अर्जेंटिना या चौकात आहे, रस्त्यापेक्षा खाली, भोवती ट्राम आणि बस. २०२३ पासून तिथे आत जायला वाट केली आहे, आणि मांजरांची मोठी वस्ती आहे. फोरममध्ये आणून त्याला दहन दिलं. त्या जागी पुढे ऑगस्टसने मंदिर बांधलं. आज त्याचा नुसता गाभा उरला आहे, त्यावर साधं उतरतं छप्पर आहे, आत मातीचा ढिगारा. लोक अजूनही तिथे फुलं ठेवतात.

उंबरठा

हे सगळं आधी वाचलं असतं तर! आमच्या वाटाड्याने यातलं अवाक्षर सांगितलं नाही. मला आता पुन्हा जावंसं वाटतंय, आणि हे मी मनापासून लिहितेय.

मिलानवासी

ताई, जरूर जा, पण ऑगस्टात नको. ऊन सोसत नाही आणि १५ ऑगस्टच्या आसपास शहरातली कितीतरी दुकानं बंद असतात.

सिस्टीन चॅपेलबद्दल थोडं लिहितो, कारण तिथे अपेक्षाभंग हमखास होतो. लोकांना वाटतं आपण शांतपणे एकटे वर बघत उभे राहू. प्रत्यक्षात आधी व्हॅटिकन संग्रहालयाची लांबच लांब दालनं चालायची, चॅपेल मार्गाच्या शेवटाला. तिथे पोचेपर्यंत पाय आणि डोळे दोन्ही थकलेले. आत माणसांची दाटी, फोटोला बंदी, आणि रखवालदार दर दोन मिनिटांनी "सिलेन्झिओ" (शांतता) पुकारतात. उपाय एकच : भिंतीकडेने बाक आहेत, कोणी उठलं की पटकन बसायचं आणि मान मागे टेकवायची. घाई करायची नाही, बाहेर कोणी काढत नाही. मिकेलांजेलोने १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं वर हात करून छत रंगवलं, आपण अर्धा तास तरी बसावं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी संग्रहालय फुकट असतं, त्या दिवशी चुकूनही जाऊ नका. खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, साडीला काहीच अडचण नाही.

आणि ज्यांना चित्रं नीट, जवळून, पैसे न देता बघायची आहेत त्यांनी सान लुईजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये जावं. काराव्हाज्जोची तीन चित्रं जिथल्यासाठी काढली तिथेच टांगलेली आहेत. कोपरा अंधारा. पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो, थोड्या वेळाने खटकन विझतो. मग अनोळखी माणसंच आळीपाळीने नाणी टाकतात.

सह्यकडा

आईंनी 'टायबर नदी (नुसती बघायची)' लिहिलंय, ते वाचून थांबलो. माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, म्हणून हे लिहितोय.

दुसऱ्या महायुद्धात याच टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात आपली माणसं लढली. नाईक यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. तिसरी बटालियन, ५ मराठा. १० जुलै १९४४ ला त्यांच्या तुकडीवर जवळून मशीनगन सुरू झाली, सेक्शन कमांडर घाडगे सोडून बाकीचे मारले गेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावत गेले, हातबाँब टाकून मशीनगन बंद पाडली, बंदुकीत गोळ्या भरायला वेळ नव्हता तर दस्त्याने लढले. मग शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून गेले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. इटलीत पेरुजाजवळच्या मोंतोने गावात २०२३ च्या जुलैत त्यांच्या नावाने सूर्यघडीच्या रूपातलं स्मारक उभं राहिलं.

त्या खोऱ्यातलं पाणी वाहत वाहत रोमच्या पुलांखालून जातं. आईंना एवढंच सांगा.

जुनेपाने

सह्यकडा, फार बरं केलंत. मला हे माहीत नव्हतं.

मीही एक धागा जोडते, आणि हा थेट बार्शीकरांच्या दारात येतो. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या माहितीपुस्तकात आपली पैठण, कल्याण आणि 'तगर' ही नावं येतात. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तिथला माल घाट उतरून बंदरात, तिथून इजिप्त, मग रोम. मलमल, हस्तिदंत. रोमन लेखक प्लिनीने तक्रार केली आहे की हिंदुस्थान दरवर्षी आपल्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो. व्हेसुव्हियस ज्वालामुखीने इ. स. ७९ मध्ये गाडलेल्या पाँपेईत १९३८ साली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, घडण आपल्याकडची, आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी जवळचं साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात आहे. जालन्याकडच्या भोकरदनलाही तशीच सापडली. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडनची काशाची मूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात बघता येते.

तेर बार्शीपासून तासाभरावर आहे ना?

बार्शीकर

आहे. आणि आम्ही तेरला गेलो ते गोरोबाकाकांच्या दर्शनाला, प्रत्येक वेळी. संग्रहालयात कधीच गेलो नाही. आई म्हणते, जायच्या आधी नको, आल्यावर जाऊ, म्हणजे ताडून बघता येईल.

सगळ्यांचे मनापासून आभार. आल्यावर लिहीन.

बार्शीकर

(सात आठवड्यांनी)

वचन दिलं होतं म्हणून लिहितोय, आणि लिहायचं खूप आहे.

पहिल्या संध्याकाळी कॅपिटोलिन टेकडीवर गेलो. आई कठड्याला धरून उभी राहिली. तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. गेल्या महिन्यात तिने फोरमचा नकाशा काढून ठेवला होता, मलाही माहीत नव्हता. कागद खाली, डोळे समोर, असं करत एकेक नाव मोठ्याने म्हणत गेली. शनीचं मंदिर, सेव्हेरसची कमान, सिनेटची इमारत. दोन ठिकाणी तिचं चुकलं होतं, ते पेन्सिलने तिथल्या तिथे दुरुस्त केलं.

दुसऱ्या दिवशी खाली. दरवाजा बघितला. जुनेपाने, तो फोटोत दिसतो त्यापेक्षा उंच आहे. आई त्याच्याखाली गेली आणि म्हणाली, "इथे गाय उभी असेल," आणि हात डोक्यावर, जमेल तितका उंच धरला.

सीझरची जागा शोधायला वेळ लागला, दोनदा पुढे निघून गेलो. आधी सांगितलं नसतं तर गोठ्याचं छप्पर समजून सोडून दिलं असतं. आत ढिगाऱ्यावर पिवळी फुलं होती, थोडी सुकलेली, आणि काही नाणी. आई म्हणाली, "मी वर्गात हात पसरून सांगायचे रे, एवढा मोठा चौक." ती नाराज झाली का, हे मला ओळखता येईना. मग तिने सांगितलं की आपल्या देवघराएवढीच जागा आहे, म्हणून आता खरं वाटतंय.

पँथिऑनला पाऊस मिळाला! १९०० वर्षांचं घुमट, ४३ मीटर रुंद, आणि मधल्या उघड्या गोलातून पाऊस सरळ आत, एका जाड पांढऱ्या खांबासारखा. मधला भाग दोरी लावून मोकळा ठेवला होता. फरशीला बारीक भोकं आहेत, पाणी त्यातून निघून जातं. सगळे वर बघत होते, आई खाली वाकून भोकं मोजत होती.

आता न जमलेलं. सिस्टीन चॅपेलला तिचा हिरमोड झाला, आणि मी ते लपवत नाही. बाकावर जागा मिळाली, पाऊण तास बसलो, तरी. ती म्हणाली, "पुस्तकात देवाचं बोट आणि आदमचं बोट अख्ख्या पानावर असतं. इथे ते शोधावं लागतं, आणि माझ्या डोळ्यांना ते पोचत नाही." पुढच्या कोणी वयस्कर माणसांना नेलं तर छोटी दुर्बीण न्या, एवढं माझ्याकडून. काराव्हाज्जोच्या चर्चमध्ये मात्र तिने तीन वेळा नाणं टाकलं. ट्रेव्हीला गेलोच नाही. सान क्लेमेन्तेचे जिने एकेक करून उतरलो, पाण्याचा आवाज ऐकला. वर येताना गुडघा फार दुखला आणि दुसरा दिवस पूर्ण घरी काढला. जागेला छोटं स्वयंपाकघर होतं, सुगरणताई, वरण-भात झाला.

शेवटच्या संध्याकाळी टायबर. फाब्रिचिओ पूल, इ. स. पू. ६२चा, अजून लोक रोज त्यावरून जातात. नदी मातकट हिरवी, दोन्ही काठांना उंच भिंती. सह्यकडा, तुमचा प्रतिसाद आईने स्वतः मोबाइलवर पुन्हा वाचला. मग विचारलं, "पाणी कुठल्या बाजूने येतंय?" मी दाखवलं. ती पूल ओलांडून त्या बाजूच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच होतो.

आता पुढच्या रविवारी तेरला जायचं ठरतंय. संग्रहालय रविवारी उघडं असतं का, आणि ती हस्तिदंती मूर्ती दालनात मांडलेली आहे का? कोणी अलीकडे जाऊन आलं असेल तर कृपया इथे लिहा. आईने नकाशाचा कागद मागच्या बाजूने कोरा ठेवलाय.